झिजलेले रबर आणि गळणारे यंत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अहिवारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, शिवचरित्र किंवा मराठी रंगभूमी यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र भांडी धुण्याच्या यंत्रातून गळणाऱ्या पाण्याविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काही चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते आम्हांला येथून दिसते आहे. तथापि मुलुखापासून दूर संसार थाटलेल्या कुटुंबांना ज्या अडचणी खरोखर गांजतात, त्या पुष्कळदा अशाच असतात. पुण्या-नागपुरात शेजारच्या गल्लीत एखादा ओळखीचा कारागीर सापडतो. येथे निरोप पाठवावा लागतो, वाट पाहावी लागते, आणि आलेला माणूस यंत्राकडे दुरूनच पाहून 'आता नवेच घ्या' असे सांगून जातो. त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे पारखण्याइतके ज्ञान घरात असावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र गळू लागले म्हणजे यंत्र संपले असे नव्हे. अनेकदा त्यातील एक रबर संपलेले असते. ते ओळखणे आणि बदलणे घरातील कोणाही जाणत्या माणसाच्या आवाक्यातील काम आहे. आणि ते वेळीच न झाल्यास त्याची किंमत घरातील एकाच व्यक्तीला रोज दोन्ही वेळा मोजावी लागते.

हे यंत्र आपल्या स्वयंपाकघरात नवे असले, तरी जगात नवे नाही. १८५० साली अमेरिकेत जोएल हाउटन यांनी हाताने फिरवावयाच्या एका लाकडी यंत्राचे पेटंट घेतले; पण त्याने भांडी निघत नसत. खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे यंत्र सिद्ध केले ते जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी. त्यांचे पेटंट २८ डिसेंबर १८८६ चे. भांड्यांना घासणी लावण्याऐवजी तारेच्या कप्प्यांत ती बसवावयाची आणि त्यांवर पाण्याचे जोरदार फवारे सोडावयाचे, ही त्यांची कल्पना. आजच्या यंत्रातही तीच आहे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत, बालपणीचा काही काळ आपल्या रायपुरात काढलेले स्वामी विवेकानंद बोलले होते. भाषणाची कीर्ती आपल्याकडे तत्काळ पोहोचली. यंत्राला मात्र यावयास शतकाहून अधिक काळ लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कामाला येणाऱ्या बायांना घराबाहेर पडता येईना, आणि मग कितीतरी मध्यमवर्गीय घरांत 'चैन' म्हणून हिणवलेली ही वस्तू 'गरज' म्हणून आली. त्या वेळी घेतलेली यंत्रे आता काही वर्षे चाललेली आहेत. त्यांची रबरे जुनी होऊ लागण्याचा हाच काळ होय.

त्यात आपला हा परिसर चुनखडीचा. भिलाईच्या झोतभट्टीत लोखंडापासून मळी वेगळी करण्यासाठी चुनखडी लागते, आणि ती मिळावी म्हणून अहिवाऱ्यालगत नंदिनीच्या खाणी उघडल्या गेल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. ज्या दगडाने त्या भट्टीची सेवा केली, त्याच दगडातून झिरपणारे पाणी विहिरींत आणि कूपनलिकांत येते, तेव्हा सोबत कॅल्शियमचे क्षार घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात आपण त्यास 'दुष्फेन पाणी' म्हणून शिकलो. असे पाणी तापले की क्षाराचा पांढरा थर बसतो. बादली तापविण्याच्या रॉडवर तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तोच थर यंत्राच्या दाराभोवतीच्या रबरावर बारीक वाळूसारखा बसतो, आणि दार उघडता-मिटताना रबराला घासत राहतो.

आता हे रबर नेमके करते काय, ते पाहू. भिलाईच्या वसाहतीत 'गास्केट' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. दोन नळांची तोंडे जोडताना मधे जी चकती घालतात, ती गास्केट. घरातील प्रेशर कुकरच्या झाकणातील रिंग हीदेखील गास्केटच. दोन कठीण पृष्ठभाग कितीही घासून गुळगुळीत केले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतातच. मऊ रबर दाबले गेले की ते त्या फटी भरून काढते. पण केवळ मऊपणा पुरेसा नाही. दाबलेले रबर पुन्हा उसळी घेऊन मूळ आकारात येऊ पाहते, म्हणूनच ते फटीला चिकटून राहते. रबर जुने झाले म्हणजे ही उसळी जाते. ते तुटलेले नसते, फाटलेले नसते, नजरेला धडधाकट दिसते. परंतु दाबले तेथेच ते दबून राहते.

ही उसळी गेल्यास काय होते, याचे एक दारुण उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी विदीर्ण झाले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. चौकशीअंती दोष निघाला तो रॉकेटच्या सांध्यातील रबरी कड्याचा. त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत रबराची उसळी मंदावली आणि सांध्यातून तप्त वायू बाहेर पडले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी मंडळापुढे त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडविला, आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच पूर्वस्थितीला येत नाही, हे सर्वांना दाखविले. आपल्या स्वयंपाकघरात प्रश्न थंडीचा नाही. उष्णतेचा, तेलाचा आणि क्षाराचा आहे. तेलकट कढयांसाठी यंत्रात सुमारे ७० अंशांचे पाणी वापरले जाते. दारांच्या रबरासाठी बहुधा वापरतात ते कृत्रिम रबर गरम पाणी उत्तम सोसते, पण तेलाशी त्याचे फारसे सख्य नाही. फोडणीचे तेल, साबणाची तीव्रता आणि क्षाराचे कण यांनी ते कालांतराने ताठरते किंवा चपटे होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कुकरच्या रिंगेला वाफेचा दाब अडवावयाचा असतो. भांडी धुण्याच्या यंत्रातील दाराच्या रबरावर तसा दाब नसतो. यंत्राच्या तळाशी साठलेले पाणी दाराच्या उंबरठ्याखालीच राहते, आणि रबराने अडवावयाचे असतात ते केवळ उडणारे फवारे, ओघळ आणि वाफ. म्हणूनच दारातून पाणी आले की प्रत्येक वेळी रबरालाच दोष देणे योग्य नव्हे. निदान आधी करावे, औषध मागाहून.

ते निदान असे करावे. प्रथम पाणी कोठून येते ते पाहावे. यंत्राखाली चारही बाजूंना कोरडी वर्तमानपत्रे पसरावीत, आणि कोणता कागद आधी भिजतो याकडे लक्ष ठेवावे. मागचा कागद भिजला, तर पाणी आत आणणारी नळी, तिचे नळाशी असलेले जोड किंवा सांडपाण्याची नळी संशयित. मधला कागद भिजला, तर पंप किंवा त्याचे रबर. पुढचे कोपरे भिजले, तरच दाराकडे वळावे.

दाराकडे वळल्यावरही रबराला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, फेस. हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण कोणी चुकून यंत्रात घातला असेल, तर फेसाचे डोंगर उठतात, आणि जेथून पाणी जात नाही तेथूनही फेस वाट काढतो. दुसरी, यंत्राची पातळी. यंत्र पुढे झुकलेले असेल, तर पाणी दाराकडे धाव घेते. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहावी आणि पाय फिरवून पातळी साधावी. बदलीच्या गावी ट्रकमधून सामान उतरल्यावर तर हे हटकून पाहावे. तिसरी, भांड्यांची मांडणी. एखादी परात किंवा ताट दाराच्या बाजूला उभे राहिले, तर फवारा त्यावर आपटून थेट फटीत जातो. चौथी, फिरत्या फवाऱ्याच्या दांडीला भेग गेली आहे काय. तसे असल्यास पाण्याची धार भलत्याच दिशेने उडते.

या चारही गोष्टी ठीक असतील, तर रबर तपासावे. बोटाने दाबून पाहावे. ते मऊ आहे की ताठर, बोट उचलताच वर येते की तसेच राहते? कोपऱ्यांत बारीक चिरा आहेत काय? शीतकपाटाच्या दारासाठी वापरतात ती युक्तीही येथे उपयोगी पडते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी हळूच ओढावी. ठिकठिकाणी असे करून पाहिल्यास जेथे पट्टी विनासायास निसटते, तेथे रबराची पकड गेलेली असते. मात्र आधी ते कोमट पाण्याने नीट पुसून पुन्हा पाहावे. कधीकधी अडकलेले एखादे शीत किंवा क्षाराचा थर एवढेच गळतीचे कारण असते, आणि मग काही विकत आणावे लागत नाही.

रबर बदलावयाचेच ठरले, तर आधी हमीची मुदत पाहावी. मुदत शिल्लक असेल, तर विक्रेत्यालाच बोलवावे. ती संपली असल्यास दाराच्या कडेला चिकटविलेल्या पट्टीवरील यंत्राचा पूर्ण क्रमांक अक्षरश: उतरवून घ्यावा आणि त्याच क्रमांकासाठीचे रबर मागवावे. 'दिसायला सारखे' रबर आणू नये; एखाद्या मिलिमीटरचा फरकही पुरेसा होतो. बहुतेक यंत्रांत दाराची रबरे दोन असतात: एक वरच्या व दोन्ही उभ्या बाजूंना कमानीसारखे बसणारे, आणि दुसरे दाराच्या खालच्या कडेचे. कोणते झिजले आहे, हे पाहूनच मागणी करावी.

कामाला हात घालण्यापूर्वी प्लग काढावा आणि पाण्याची तोटी बंद करावी. ही सूचना औपचारिक नव्हे. ओली फरशी आणि वीज यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. पाणी प्लगच्या जागेपर्यंत पोहोचले असेल, तर आधी कोरड्या हातांनी घराचा मुख्य खटका पाडावा आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर दार पूर्ण उघडून खालची जाळी बाहेर काढावी. जुने रबर खाचेत कसे बसले आहे, त्याची ओठासारखी कड कोणत्या बाजूला आहे, दोन्ही टोके खाली कोठवर येतात, याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मग एका टोकापासून रबर हाताने हळूहळू ओढून काढावे. बहुतेक कमानी रबरे केवळ खाचेत दाबून बसविलेली असतात. त्यांना पेचकस लागत नाही, आणि टोकदार हत्याराने खाच खरवडली तर नवे रबरही गळेल. रिकामी झालेली खाच जुन्या दातांच्या ब्रशाने आणि कोमट पाण्याने स्वच्छ करावी. क्षार निघत नसतील, तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालावे. मग साध्या पाण्याने पुसून खाच पूर्ण वाळू द्यावी. तेथे साठलेला काळा चिकट मळ पाहून यंत्र का गळत होते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

नवे रबर पाकिटात घड्या पडून येते. ते काही मिनिटे गरम पाण्यात ठेवले की घड्या सुटतात. पुसून घेतल्यावर त्याचा मध्य शोधावा आणि तो दाराच्या चौकटीच्या वरच्या बाजूच्या मध्यावर दाबावा. तेथून दोन्ही कोपऱ्यांकडे आणि मग दोन्ही बाजूंनी खाली यावे. एका टोकापासून सुरुवात केल्यास रबर नकळत ताणले जाते आणि दुसऱ्या टोकाला उरते. कोपऱ्यांत विशेष जपावे. तेथे रबर ओढून नव्हे, तर ढकलून बसवावे. ते घट्ट जात असेल, तर साबणाच्या पाण्याचे बोट फिरवावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. गोंद किंवा नळजोडणीचा चिकट मसाला तर मुळीच लावू नये, कारण पुढच्या वेळी तो खाचेसकट निघतो. टोके लांब वाटली तरी कापण्याची घाई करू नये. बहुधा ती लांब नसतात. रबर मधे कोठेतरी नीट दबलेले नसते.

खालच्या कडेचे रबर असल्यास काही यंत्रांत ते स्क्रूने धरलेले असते, काहींत पट्टीत सरकविलेले. स्क्रू काढताना ते एका वाटीत क्रमाने ठेवावेत. शेवटी दार लावून पाहावे. नवे रबर जाड असल्याने आरंभी दार थोडे घट्ट लागेल. काही दिवसांत ते बसते. मग भांडी न घालता यंत्र लहान फेरीवर चालवावे आणि कोपऱ्यांखाली कोरडे कागद ठेवून पाहावे. कागद कोरडे राहिले, की काम झाले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही यंत्रांच्या तळाशी एक पसरट तबक आणि त्यात एक तरंगणारा तुकडा असतो. तबकात पाणी साचले की तो वर उचलला जातो आणि यंत्र थांबते. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली ही योजना आहे. रबर बदलल्यावरही यंत्र चालेना, तर ते बिघडले असे लगेच समजू नये. तबकातील पाणी निघाले आहे काय, ते आधी पाहावे. परंतु पंपाच्या दांड्याभोवतीचे रबर किंवा तळातील वायरींशी संबंधित काही काम निघाले, तर ते जाणकारावर सोपवावे. आपल्या आवाक्याची सीमा ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

रबर टिकावे म्हणून करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने ते पुसावे. भांड्यांतील तेलाचा थर आधी कागदाने टिपून मगच ती आत ठेवावीत. दुष्फेन पाणी मृदू करण्याची सोय ज्या यंत्रांत असते, त्यांत त्यासाठीचे मीठ वेळेवर भरावे. आपल्या चुनखडीच्या मुलुखात तर ते चुकवूच नये. आणि उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर गावी जाताना तोटी बंद करून, रबर कोरडे पुसून, दार थोडे उघडे ठेवून जावे. महिनाभर दाबून राहिलेले ओलसर रबर कुबट होते आणि त्याची उसळीही कमी होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. रबराची किंमत शेकड्यांत, फार तर दोन-तीन हजारांत. नव्या यंत्राची किंमत दहा हजारांच्या पटीत. हा हिशेब सरळ आहे. पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत भांडी धुण्याच्या यंत्रांचे काही सुटे भाग असे ठरविले आहेत, की जे केवळ कारागिरांनाच नव्हे, तर सामान्य ग्राहकालाही मिळालेच पाहिजेत. तेही त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर १० वर्षे. त्या यादीत दाराचे रबर आहे. म्हणजे हे काम घरच्या माणसाने करावयाचे आहे, हे तेथे कायद्यानेच गृहीत धरले आहे. आपल्याकडेही केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु सुटा भाग मागणारा कोणी नसेल, तर तो भाग दुकानात येणार नाही. अधिकार वापरला तरच तो टिकतो.

आणि याहूनही महत्त्वाचे म्हणजे, यंत्र बंद पडल्यावर भांडी घासायची थांबत नाहीत. ती कोणाच्या हाती जातात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती आईच्या हाती जातात किंवा सूनबाईच्या. 'दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे' असे म्हणत महिना जातो, यंत्रावर एक स्वच्छ कापड पसरले जाते, त्यावर डबे येतात, आणि घरातील कोणालाही आपण काही अन्याय केला असे वाटत नाही. कॉक्रेनबाईंनी जे ओझे १८८६ साली उतरविले, ते एका चपट्या झालेल्या रबरापायी आपण पुन्हा त्याच हातांवर ठेवतो. म्हणून हे काम घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही शिकावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. भांडी हे बायकांचे काम आणि यंत्र हे कारागिराचे, अशा वाटणीत घरातील इतर मंडळी दोन्हीकडून मोकळी राहतात.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. ज्याने घरचे एखादे यंत्र, कुकर, पंप किंवा नळ दुरुस्त केला असेल, त्याने यंत्राचा क्रमांक, बदललेला भाग, तो कोठे मिळाला, किती पैसे पडले आणि किती दिवस टिकला, एवढे पाच रकाने त्यात भरावेत. शेजारी एक हत्यारांची पेटी असावी. पुस्तकाप्रमाणे तीही सही करून न्यावी आणि आठ दिवसांत परत आणावी. दूरदेशी राहणाऱ्यांचा शेजार म्हणजे हे मंडळ. पन्नास वर्षे आपण येथे गणपती बसविला, नाटके केली, हळदीकुंकू केले. त्या शेजारात एवढी एक वही सहज मावेल. कार्यकारिणीने होकार दिल्यास पहिली नोंद करावयास आणि पेटीसाठी पहिला पाना देण्यास आम्ही तयार आहोत.